मुचलिंद बुद्धांची नऊ इंची पितळी मूर्ती: मुद्रा चोख, सांधा कच्चा

नागाच्या फण्याखाली बसलेल्या बुद्धांच्या मूर्ती बाजारात पुष्कळ दिसतात, पण बऱ्याच मूर्तींचा उजवा हात जमिनीला टेकलेला असतो. ती भूमिस्पर्शमुद्रा मारविजयाची, म्हणजे मोहात पाडणाऱ्या माराला जिंकल्याची, संबोधीच्या क्षणाची. मुचलिंदाचा प्रसंग त्यानंतरच्या आठवड्यांतला. अवकाळी आभाळ भरून आलं, सात दिवस पाऊस आणि गार वारा सुटला. तेव्हा नागराज मुचलिंदाने बुद्धांच्या अंगाभोवती सात वेढे घातले आणि डोक्यावर फणा धरला. बुद्ध ध्यानात होते, तेव्हा दोन्ही हात मांडीत, तळवे वर, हेच कथेला धरून आहे. थायलंडमधल्या चैयाच्या प्रसिद्ध कांस्यमूर्तीत नागाखाली भूमिस्पर्शमुद्रा आहे, पण तो अपवाद. या मूर्तीत हात नेमके मांडीत आहेत आणि ती घ्यावी याचं पहिलं कारण हेच.

वेढे मात्र अंगाभोवती नाहीत, आसनाखाली आहेत. ही चूक नव्हे. कंबोडियातल्या ख्मेर शिल्पकारांनी वेटोळ्यांचं आसन केलं, त्यामुळे बुद्धांचं शरीर झाकलं जात नाही. इथे तीन वेढे आहेत, वरचा रुंद आणि खालचा अरुंद. फणे सात, मधला मोठा, बाजूचे त्याच्याकडे वळलेले. खवले प्रत्येक वेढ्यावर स्वतंत्र कोरलेत, साच्याची शिवण कानशीने नीट घासून काढली आहे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि ओठांच्या कडा इतक्या स्वच्छ उठल्यात की या आकारात असं काम क्वचितच मिळतं.

दोष तोलात आहे. मूर्ती पोकळ, फण्यांची प्रभावळ भरीव, शिवाय खालचा वेढा अरुंद. त्यामुळे वजन मागे जातं आणि धक्का लागला की मूर्ती मागे कलते. प्रभावळ पाठीमागे एकाच स्क्रूने बसवली आहे. तो सैल झाला की फणे डुगडुगतात आणि पितळेचे आटे झिजतात. मूर्ती उचलताना फण्याला धरू नका, बैठकीखाली हात घाला. स्क्रूखाली पातळ वॉशर घालावा आणि मूर्ती भिंतीला जवळ ठेवावी.

वर लाखेचा पारदर्शक थर आहे. चिंच किंवा लिंबाने घासलं तर तो ठिकठिकाणी उडतो आणि उघड्या पडलेल्या जागा काळ्या डागांसारख्या दिसतात. कोरडं मऊ कापड आणि खवल्यांच्या खाचांसाठी रंगकामाचा ब्रश पुरे. दिवा वरून नको, फण्याची सावली थेट चेहऱ्यावर पडते. समोरून, थोडा खालून उजेड द्यावा.

ऑनलाइन मागवताना फोटो मोठा करून बघा. याच नावाखाली जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्याही मूर्ती विकायला ठेवतात, कारण त्यांच्याही डोक्यावर नागफणा असतो. छातीवर श्रीवत्स हे शुभचिन्ह असेल तर ते तीर्थंकर. डाव्या खांद्यावर चीवराची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राची कड दिसली तर बुद्ध. सोबतच्या माहितीपत्रकात मुचलिंदाने माराशी युद्ध केलं असं छापलंय. ते सरळ चूक आहे, पुढच्या छपाईत काढायलाच हवं.