टेलर के-२००६: थेंब मोजून पाणी सांगणारी पेटी

पोहण्याचा पूल नवा असला की खरेदीची सुरुवात बहुधा क्लोरीनच्या गोळ्या, शेवाळनाशक आणि पाणी चकचकीत करणाऱ्या द्रावणाने होते. तपासणीला डब्यासोबत आलेल्या कागदी पट्ट्या पुरतील असे वाटते, आणि मग पुढचे दोन महिने सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे चालतो. क्रम उलटा हवा. आधी पाणी नीट मोजता आले पाहिजे, रसायने त्यानंतर. मोजण्यासाठी टेलर कंपनीची के-२००६ ही पेटी नव्या मालकाने डोळे झाकून घ्यावी, इतकी चांगली आहे. ती वापरणे मात्र डोळे उघडे ठेवूनच, कारण तिच्यात खोड्याही आहेत.

पेटीत पाच चाचण्या आहेत: क्लोरीन (मोकळे, म्हणजे कामाला तयार असलेले, आणि बांधलेले, म्हणजे घाणीत अडकलेले), पीएच, एकूण अल्कलिनिटी (पीएच हलू न देण्याची पाण्याची ताकद), कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातला चुना) आणि सायन्यूरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर. शिवाय पीएच किती आम्लाने खाली किंवा किती धुण्याच्या सोड्याने वर येईल ते थेंबांनी सांगणारी जोडचाचणी आहे. पैसे वसूल होतात ते पहिल्या आणि शेवटच्या चाचणीत.

क्लोरीनपासून सुरू करू. साध्या पेटीत नळीतल्या गुलाबी रंगाची छटा शेजारच्या छापील छटेशी जुळवायची असते. ३ की ५, हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर आणि उजेडावर. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीन फार जास्त झाले की ते त्या गुलाबी रंगालाच विरंजित करते. नळी बिनरंगी दिसते, मालक म्हणतो क्लोरीन शून्य, आणि आणखी ओततो. के-२००६ मध्ये रंग जुळवायचा नसतो, तो घालवायचा असतो. १० मिलि पाणी घ्या, आर-०८७० ही पूड दोन चमचे टाका आणि नळी गोल फिरवा. पाणी गुलाबी होते. मग आर-०८७१ चे थेंब एकेक करून टाकत, प्रत्येक थेंबानंतर हलवत, रंग पूर्ण जाईपर्यंत मोजा. प्रत्येक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम). २५ मिलि नमुना घेतला तर प्रत्येक थेंब ०.२ पीपीएम. आकडा थेंबांतून येतो, त्यामुळे दोन माणसांचे वाचन सहसा एकच निघते. पूड टाकल्यावर गुलाबी झळक येऊन लगेच विरली तर क्लोरीन खूप आहे असे समजून आणखी पूड टाकावी.

याच नळीत पुढे आर-०००३ चे पाच थेंब टाकले की बांधलेले क्लोरीन कळते. पाणी पुन्हा गुलाबी झाले तर पुन्हा थेंब मोजा. हा आकडा ०.५ च्या वर असेल तर घाम, लघवी, पालापाचोळा यांनी क्लोरीन अडकवून ठेवले आहे. पूलवर येणारा उग्र ‘क्लोरीनचा वास’ याच अडकलेल्या क्लोरीनचा असतो. त्यावर उपाय क्लोरीन कमी करण्याचा नाही, वाढवण्याचा आहे. नवख्याला हे उफराटे वाटते. एक गोष्ट लक्षात ठेवावी: पहिल्या टप्प्यात रंग गेल्यावर नळी तशीच ठेवली तर मिनिटाभरात ती हळूहळू पुन्हा गुलाबी होऊ लागते. ते मोजायचे नाही.

इतक्या बारीक मोजणीचा खरा उपयोग रात्रीच्या चाचणीत होतो. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, रात्रभर काही घालू नका, सूर्योदयाआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसते, म्हणजे जे घटले ते काहीतरी खाऊन गेले. घट १ पीपीएमच्या आत असेल तर पाणी ठीक. जास्त असेल तर डोळ्यांना दिसत नसले तरी शेवाळ वाढते आहे. छटा जुळवणाऱ्या पेटीवर ही चाचणी करता येत नाही, पट्टीवर तर नाहीच.

आता स्टॅबिलायझर. बहुतेक नव्या पूलांचे गणित इथेच बिघडते. सायन्यूरिक ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवते, म्हणून उघड्या पूलात ३० ते ५० पीपीएम हवेच. पण ते क्लोरीनला धरूनही ठेवते. स्टॅबिलायझर जितके जास्त, तितके तेच क्लोरीन सुस्त. म्हणून ‘क्लोरीन १ ते ३ ठेवा’ हा डब्यावरचा सल्ला एकटा अपुरा आहे. पूलवाल्यांत रुळलेला हिशोब असा की मोकळे क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचे नाही. ४० असेल तर किमान ३, आणि चुकून १०० झाले तर किमान साडेसात. पाणी हिरवे पडल्यावर हाच आकडा साधारण ४० टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो: ४० ला १६. एवढे मोजायला पुन्हा थेंबांचीच चाचणी हवी.

स्टॅबिलायझर वाढते कुठून? त्या सोयीच्या गोळ्यांतून. ट्रायक्लोर गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिले की सोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझर येते. दाणेदार डायक्लोरमधून ९ येते. पूल दिवसाला २ पीपीएम क्लोरीन खात असेल आणि सगळे गोळ्यांतूनच जात असेल, तर महिन्याला ३६ पीपीएम स्टॅबिलायझर साचते. क्लोरीन उडून जाते, हे मात्र राहते. व्यवहारात पाणी काढून नवे भरणे हाच त्यावरचा उपाय. तिसऱ्या महिन्यात ‘क्लोरीन तर भरपूर आहे, तरी पाणी हिरवे’ ही तक्रार येते ती यामुळे. अनेक पट्ट्यांवर ३०-५० नंतरचा चौकोन थेट १०० असतो, म्हणजे नेमका हा चढ दिसतच नाही.

के-२००६ मध्ये ७ मिलि पूलाचे पाणी आणि ७ मिलि आर-००१३ बाटलीत घालून ३० सेकंद हलवायचे. पाणी दुधाळ होते. ते तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतत वरून पाहायचे. ठिपका दिसेनासा झाला की पातळीचा आकडा वाचायचा. पेटीतली सगळ्यात चकवणारी चाचणी हीच. दिवसा बाहेर, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर आपल्या सावलीत धरावी. ठिपक्याकडे टक लावून बसू नये, कारण डोळ्याला नसलेला ठिपकाही दिसत राहतो. ओझरते पाहून ठरवावे. पाणी गार असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. मिश्रण टाकून न देता बाटलीत परत ओतून दोन-तीनदा वाचून पाहावे, सवय लागते. नळीवरची मोजपट्टी १०० ला संपते. ठिपका तिथेच नाहीसा झाला तर नमुन्यात तेवढेच नळाचे पाणी मिसळून चाचणी पुन्हा करावी आणि आकडा दुप्पट धरावा.

बाकीच्या तीन चाचण्या सोप्या आहेत. पीएचसाठी मोठी नळी ४४ मिलि भरून आर-०००४ चे पाच थेंब. इथे रंगच जुळवायचा आहे, त्यामुळे ७.४ की ७.६ यावर डोके घासू नये. ७.२ ते ७.८ मध्ये असले की पुरे. क्लोरीन १० च्या वर असताना ही चाचणी करूच नये, रंग जांभळट होऊन पीएच खोटा वर दाखवतो. (पीएच ८ ला क्लोरीनचा चौथाच भाग कामाचा उरतो, हा सर्वत्र फिरणारा तक्ता स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्याचा आहे. स्टॅबिलायझर असले की फरक बराच सौम्य होतो.)

अल्कलिनिटीत २५ मिलि पाण्यात आर-०००७ चे दोन, आर-०००८ चे पाच थेंब, मग आर-०००९ चे थेंब हिरव्याचे लाल होईपर्यंत, प्रत्येकी १० पीपीएम. रंग निळ्याकडून पिवळ्याकडे गेला तर घाबरू नये, क्लोरीन जास्त आहे इतकेच. ८० ते १२० चालते. पीएच सतत वर चढत असेल तर ६०-७० ला ठेवणेही बरे. हार्डनेसमध्ये लाल जाऊन निळा यायला हवा. जांभळ्यावर अडकले तर पाण्यात धातू आहे, बहुधा तांब्याच्या शेवाळनाशकातून आलेला. पुढच्या वेळी आर-००१२ चे, म्हणजे ज्याचे थेंब मोजायचे त्या द्रावणाचे, पाच-सहा थेंब सगळ्यात आधी टाकावेत आणि शेवटी तेही मोजणीत धरावेत.

आकडे हाती आले की मात्रा साध्या गुणाकाराने निघते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल पूल म्हणजे ४८ हजार लिटर, ५० हजार धरू. त्यात १ पीपीएम म्हणजे ५० ग्रॅम. म्हणून क्लोरीन १ ने वाढवायला १० टक्क्यांचे द्रव क्लोरीन अर्धा लिटर. अल्कलिनिटी १० ने वाढवायला खाण्याचा सोडा ८४० ग्रॅम. स्टॅबिलायझर शून्यापासून ३० ला न्यायला दीड किलो, तेही पायमोज्यात भरून पाणी परत येणाऱ्या तोंडासमोर टांगून, आणि पुढची मोजणी आठवड्याने. आम्लाची मात्रा जोडचाचणीच्या थेंबांवरून पुस्तिकेतल्या तक्त्यात पाहावी, निम्मी घालावी, पंप तासभर चालवून पुन्हा मोजावे. आम्ल आणि क्लोरीन एका वेळी, एका भांड्यात, एका फडताळात कधीच नको. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीन देणारेच दुसरे रसायन) एकमेकांना लागले तरी पेट घेऊ शकतात.

खोड्या आता. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव नाही, नंबर आहेत. पहिल्या दिवशी झाकणांवर मार्करने क्लोरीन, अल्क, हार्ड असे लिहून टाकावे. पुस्तिका तक्त्यांनी गच्च भरली आहे, नवख्याला ती जड जाते. आर-०८७१ च्या तोंडाशी स्थिर विद्युत साचून थेंब लहान पडतात आणि आकडा फुगतो. तोंड ओल्या फडक्याने पुसावे, बाटली सरळ उभी धरावी. नमुना घेताना कोपरभर खोल हात घालून, पाणी परत येणाऱ्या तोंडापासून दूर घ्यावा. पेटी पंपाच्या खोलीत आम्लाशेजारी ठेवू नये, द्रावणे वर्षाने बदलावीत.

मागवताना नंबर नीट वाचावा. के-२००५ ची पेटी दिसायला जवळपास हीच, पण तिच्यात क्लोरीनची छटा जुळवायची असते. के-२००६सी मध्ये चाचण्या त्याच, बाटल्या मोठ्या. रोज मोजणाऱ्याने तीच घ्यावी. मिठापासून क्लोरीन करणाऱ्या यंत्रावर चालणारा पूल असेल तर मिठाची चाचणी यांपैकी कशातच नाही, ती वेगळी मागवावी लागते.