फ्लोटर्ससाठी लेसर: नवं मशीन की मुरलेला हात?

माझा धंदा प्रुफं तपासायचा. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात, दिवाळी अंकांची कामं अंगावर आलेली असताना, उजव्या डोळ्यासमोर एक कडं तरंगायला लागलं. ओळीवर नजर ठेवली की ते नेमकं त्या ओळीवर येऊन थांबायचं आणि 'गाव'वर अनुस्वार दिसायचा. एका फॉर्मात मी दोन ठिकाणी नसलेला अनुस्वार लाल शाईने काढून टाकला. तेव्हा कळलं की याचं काहीतरी करावंच लागणार.

अशा डोळ्यासमोर तरंगणाऱ्या ठिपक्या-धाग्या-कड्यांना फ्लोटर म्हणतात. डोळ्याच्या आत भरलेल्या जेलमध्ये ते तरंगत असतात. माझं वय तेव्हा ५६, नंबर उणे सहा. जास्त नंबरवाल्यांच्या डोळ्यातलं जेल मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, जरा लवकरच सुटतं. दृष्टीच्या नसेभोवती ते जिथे चिकटलेलं असतं, तिथलं गोल कडं सुटून तरंगत राहतं. त्याला डॉक्टर वाइस रिंग म्हणतात. माझं तेच होतं. पहिल्याच दिवशी पडदा तपासून घेतला होता, फाटलेला नव्हता. ही तपासणी झाल्याशिवाय पुढचं काही वाचूसुद्धा नका. अचानक ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जायचं. तिथे लेसर की ऑपरेशन हा प्रश्नच नसतो, पडदा वाचवायचा असतो.

कडं घालवायचे मार्ग दोन, ऑपरेशन किंवा लेसर. ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक भोकं पाडून जेलच काढून घेतात. कडं हमखास जातं. पण पन्नाशीनंतर या ऑपरेशनपाठोपाठ बहुतेकांना काही वर्षांत मोतीबिंदू येतो, शिवाय पडदा सुटण्याचा आणि क्वचित डोळ्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. ज्यांना गाडी चालवणंही अशक्य झालंय त्यांच्यासाठी ते ठीक असेल. एका कड्यासाठी माझी तयारी नव्हती.

राहिलं लेसर. ते करणारी दोन ठिकाणं मी पाहिली. एक पश्चिम पुण्यातलं मोठं केंद्र, दुसरं पेठेतल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसणारे, साठी ओलांडलेले रेटिनाचे डॉक्टर.

मोठ्या केंद्राची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती लंगडी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यातल्या भिंगामागे साय धरते ती फोडायला वापरतात तेच हे याग लेसर. साध्या याग मशीनवर मात्र खोल जेलमध्ये नीट दिसत नाही. फ्लोटरसाठी बनवलेल्या नव्या मशीनमध्ये उजेड, डॉक्टरांची नजर आणि लेसर एका रेषेत येतात. कडं भिंगाच्या किती मागे आणि पडद्याच्या किती पुढे आहे, हे त्यामुळे जास्त चांगलं कळतं. असं मशीन त्यांच्याकडे स्वतःचं होतं. अपॉइंटमेंट वेळेवर, पार्किंग तळघरात, माणसं अदबीची. पेठेतल्या डॉक्टरांकडे स्कूटर लावायला जागा नाही, दीड-दोन तास बाकावर बसावं लागतं, आणि लेसर करायला ते आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या रुग्णालयात जातात.

माझं मत कुठे फिरलं ते सांगतो. मोठ्या केंद्रात डोळ्यात थेंब टाकले आणि बाहुली मोठी होईपर्यंत बसायला सांगितलं. अजून एकाही डॉक्टरने डोळा पाहिलेला नव्हता. तेवढ्यात एक मुलगी शेजारी येऊन बसली, हातात छापील कागद. "काका, दोन सिटिंगचं पॅकेज आहे. आजच बुक केलंत तर तपासणीची फी त्यात धरू." थेंबांमुळे मला कागदावरची अक्षरं दिसेनात, म्हणून तिने आकडा वाचून दाखवला. मुलीचा दोष नाही, ती तिचं काम करत होती. पण माझ्या डोळ्यातलं कडं कुठे आहे, लेसरच्या टप्प्यात येतं की नाही, हे कोणालाही ठाऊक नसताना दर ठरला होता. पुढे डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवून दोन-तीन मिनिटं पाहिलं. मी विचारलं, "कडं लेन्सपासून किती लांब आहे?" ते म्हणाले, "त्याची चिंता करू नका, मशीन सांभाळतं."

मशीन ते सांभाळत नाही, अंतर डॉक्टरलाच जोखावं लागतं. सायीवर मारताना निशाणा जागेवर थांबलेला असतो. फ्लोटर मात्र डोळा हलला की हलतो आणि थांबल्यावरही डुलत राहतो. एका बैठकीत शेकडो शॉट लागू शकतात. भिंग आणि पडदा दोन्हींपासून काही मिलिमीटर अंतर सोडूनच मारायचं असतं. माझं मूळचं भिंग अजून जागेवर आहे. त्याच्या मागच्या आवरणाला शॉट लागला तर मोतीबिंदू होतो, आणि मग त्याचं ऑपरेशनही अवघड होऊन बसतं. पडद्याला लागला तर रक्तस्राव, किंवा नजरेत कायमचा डाग. डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदूपर्यंत गेल्याच्या नोंदीही अमेरिकेतल्या रेटिना तज्ज्ञांच्या संघटनेकडे आल्या आहेत. या नोंदी डॉक्टरांनी आपणहून कळवलेल्या असतात, त्यामुळे शंभरात किती जणांना असं होतं ते त्यातून निघत नाही. पण काय काय होऊ शकतं ते कळतं.

पेठेतल्या डॉक्टरांनी मला आडवं झोपवलं, डोक्याला दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि पापणीवरून एका बोथट दांडीने डोळा हलकेच दाबत पडद्याच्या कडेकडेने फिरले. वरती बघा, नाकाकडे बघा, कानाकडे बघा. जरा दुखलं. मग टेबलाशी बसून त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं. लाल पेन्सिलीने पडदा रंगवला, हिरव्याने माझं कडं काढलं आणि शेजारी बाजूने कापलेला डोळा काढून त्यात कडं कुठे तरंगतंय ते दाखवलं. इतके दिवस मी जे पाहत होतो ते दुसऱ्या कोणाच्या हातून कागदावर उतरलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले.

म्हणाले, "अहो, एकच कडं आहे, मध्यावर आहे. लेसर जमण्यासारखं आहे. पण तीन महिने थांबा. खाली बसलं किंवा मेंदूने सोडून दिलं तर बरंच." आजवर किती केलेत, असं मी विचारलं. आकडा सांगून पुढे म्हणाले, "येतात त्यातल्या बहुतेकांना मी नाही म्हणतो. बारीक धागे पडद्याच्या अगदी जवळ असतात, तिथे मी मारत नाही." काही बिघडलंय का कधी, हेही विचारलं. एकाचं प्रेशर चढलं होतं आणि दोन आठवडे औषध द्यावं लागलं, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. बायको शेजारी बसली होती. जिना उतरताना ती म्हणाली, "इथेच करू."

तीन महिन्यांनी कडं होतं तिथेच होतं. मग दोन बैठकी झाल्या. भूल देणारे थेंब टाकले, डोळ्यावर जेल लावलेलं भिंग टेकवलं, लाल ठिपका दिसला आणि टकटक आवाज सुरू झाला. दुखलं नाही. दर टकटकीला खाली काळे मणी निसटताना दिसायचे. ते वायूचे बुडबुडे. डोळ्यात ते वर चढतात, पण आपल्याला खाली दिसतात, आणि लवकरच विरून जातात. दुसऱ्या बैठकीत त्यांनी मध्येच हात थांबवला. "उरलेला तुकडा मागे सरकलाय, तो राहू दे." तासाभराने प्रेशर मोजलं, आठवड्याने पुन्हा मोजलं.

कडं तुटलं. दोन धूसर तुकडे उरलेत, भर उन्हात किंवा कोऱ्या पानावर दिसतात. त्रास चार आण्यांवर आला असं मी म्हणेन. अर्थात हा माझा अंदाज आहे, मोजमाप नाही. मोजमाप हवं असेल तर अमेरिकेतला २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात वाइस रिंगवाले ५२ जण होते, काहींना खरं लेसर, काहींना नुसतं सोंग. खरं लेसर मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना बराच किंवा पूर्ण आराम पडला, सोंगवाल्यांपैकी एकालाही नाही. म्हणजे नेमक्या लायक डोळ्यांतही जवळजवळ निम्म्यांना मनासारखा आराम नाही, आणि पाहणी सहा महिन्यांचीच. पॅकेजच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन कृत्रिम भिंग बसलेलं असेल आणि कडं एकच, मोठं, मध्यावर असेल, तर नव्या मशीनवालं केंद्र तुम्हाला सोयीचं पडूही शकेल. मूळच्या भिंगाला धक्का लागायची भीती तिथे नसते. तिथेही एवढं पाहा, की पडद्याची कडेपर्यंत तपासणी कोण करतं आणि पैशाचं बोलणं त्याआधी होतं की नंतर. उत्तम योग म्हणजे जुना हात आणि नवं मशीन. आमचे डॉक्टर ज्या रुग्णालयात जातात तिथलं मशीन फ्लोटरसाठीचंच आहे, हे मी आधी विचारून घेतलं होतं. वय तिशीच्या आत आणि डोळ्यात नुसते बारीक धागे असतील, तर मला वाटतं दोन्हीकडे न जाता थांबलेलं बरं. पण हे तुमच्या डॉक्टरांनी डोळा पाहून सांगायचं.

गेल्या महिन्यात डाव्या डोळ्यातही जेल सुटलं. सकाळी कडं दिसलं आणि दुपारी मी त्याच बाकावर होतो. पडदा शाबूत आहे. लेसरचं विचारलं तर हिरवी पेन्सिल खाली ठेवत डॉक्टर म्हणाले, "ते दिवाळीनंतर बघू."