पावसाळ्यात मोटरबोट ठेवताना पेट्रोलची टाकी रिकामी करावी की भरून ठेवावी?

थंड देशांत छोटी मोटरबोट हिवाळ्यात बांधून ठेवतात. इंजिनात राहिलेलं पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो, ही तिथली भीती. नाशिकला दिवाळीनंतर तर गंगापूर धरणात बोट काढायचे खरे दिवस सुरू होतात. आपली बोट बसून राहते ती जून ते सप्टेंबर, आणि इथे वैर आहे ते दमट हवेशी. म्हणून पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ विसरा, पेट्रोलकडे बघा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. एका पावसाळ्यात मी अर्धी टाकी तशीच ठेवली. दसऱ्याला इंजिनाला हार घातला, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, इंजिन काही धरेना. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला, तर आधी पाण्याचे टपोरे थेंब पडले, मागून तपकिरी, चिकट राळ. पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, म्हणजे जेट, पूर्ण बुजलं होतं. अर्ध्या टाकीत वर भरपूर दमट हवा राहते, त्यामुळे तो पर्याय सोडाच.

राहिले दोन. टाकी सुटी, हातात उचलून नेता येणारी असेल, तर रिकामीच करा. घराशेजारी पेट्रोल साठत नाही, हा मोठा फायदा. त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर ते स्कूटरमध्ये मात्र ओतू नका. टाकी बोटीच्या तळात पक्की बसवलेली असेल, तर ती पूर्ण रिकामी होत नाही, तळाशी थोडं उरतंच. तिथे फुगायला थोडी जागा सोडून टाकी भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घाला आणि इंजिन थंड ठेवायला पाण्याची नळी लावून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे औषध आतपर्यंत पोचेल. पण अशी भरलेली बोट देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवायची असेल, तर माझं मत रिकामी करण्याकडेच झुकतं.

दोन्हींत कार्बोरेटरची वाटी स्क्रूमधून रिकामी करायचीच. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेलं इंजिन मात्र कोरडं पडेपर्यंत चालवू नका, त्याचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय. सील पावसाआधीच बदला.

भाड्याची शेड नसली तरी चालेल. बोटीचं नाक वर ठेवा, ड्रेन प्लग (साचलेलं पाणी बाहेर सोडायचं बूच) काढा आणि ताडपत्री अंगाला चिकटवून न बांधता खालून वारा जाईल इतकी उचला.