डब्यावर ९२, आत भलतंच : रेडिएटर फॅनच्या स्विचमध्ये झालेली फसवणूक

मे महिन्यात आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत होती, तेवढ्यात काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफा येत होत्या आणि रेडिएटरचा फॅन मात्र बंद. पाणी तापलं की हा फॅन सुरू करणारा स्विच तर तीनच आठवड्यांपूर्वी नवा टाकलेला! शहरात जवळच्याच फेऱ्या होत असल्याने तोवर काही कळलं नव्हतं.

जुना स्विच पिनांपाशी गळत होता, म्हणून बदलला. दुकानात मी ९२-८७चा मागितला, म्हणजे ९२ अंशांना फॅन सुरू आणि ८७ला बंद. दुकानदाराने नावाजलेल्या कंपनीच्या डब्यातून काढून दिला. डब्यावर ९२ होतं, आटे जुळले, पिना जुळल्या. फक्त पितळी षटकोनावर जिथे आकडे कोरलेले असतात, तिथे कानस मारल्यासारखी चकाकी होती. विचारलं तर म्हणाला, "साहेब, नव्या मालावर आकडे येत नाहीत, आत सगळं तेच." मी ऐकून घेतलं, ही माझी चूक. बिल म्हणून साध्या कागदावर "१ स्विच, ६५०" एवढंच लिहून दिलं.

घाटात मेकॅनिकने स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि फॅन लगेच फिरला. म्हणजे मोटर, फ्यूज, रिले सगळं ठीक होतं. पण तोवर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं होतं. हेडचं फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) धरून चौदा हजारांना पडलं.

घरी आल्यावर दोन्ही स्विच तपासले. पातेल्यात पाणी, पितळी भाग तेवढा बुडवलेला, पिनांना मल्टिमीटर (स्विच आतून जोडला गेला की वाजतो), शेजारी थर्मामीटर. गळका जुना स्विच ९३च्या आसपास वाजला. नवा पाणी उकळलं तरी गप्प! पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ला उकळतं, म्हणजे हा त्याच्याही वरचा. इतक्या वरचे स्विच असतात, पण ते वेगळ्या गाड्यांसाठी. दाबाच्या झाकणामुळे रेडिएटरमधलं पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही, म्हणून तिथे ते चालतात. कुणीतरी त्याचा आकडा घासून मला ९२ म्हणून विकला.

उलटी चूकही करू नका. थर्मोस्टॅट (तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८८ला उघडणारा असेल आणि स्विच ८२चा घेतला, तर इंजिन तापल्यावर फॅन जवळजवळ थांबतच नाही. थर्मोस्टॅटवरही आकडा कोरलेला असतो, तो आधी वाचा. जुना स्विच नेमका कुठे बसलेला होता, तेही बघा. रेडिएटरच्या खालच्या बाजूचं पाणी हेडमधल्यापेक्षा थंड असतं, त्यामुळे एका जागेचा आकडा दुसऱ्या जागी चालत नाही.

दुकानात परत गेलो, तर "इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही" म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर माहीत होता, पण हातात पक्कं बिलच नव्हतं. आताचा स्विच जीएसटी बिलावर घेतला, षटकोनावरचा आकडा दुकानातच वाचला आणि पातेल्यात वाजल्यावरच गाडीत बसवला.