इम्प्लांट स्नायूवर की स्नायूखाली? दुखणं आणि बधिरपणा

ब्रेस्ट इम्प्लांट छातीच्या स्नायूवर बसवायचं की खाली, यावर पहिल्या आठवड्याचं दुखणं बरंचसं ठरतं. खाली ठेवलं की स्नायू ताणला जातो. छातीवर ओझं, मधूनच पेटका, हात वर करताना तर जीव जातो. वर ठेवलं तर दुखणं कमी, कामावर परतणंही लवकर. पण बारीक अंगाच्या बाईला कडा नि सुरकुत्या दिसू शकतात, इम्प्लांटभोवती शरीर स्वतः तयार करतं ते आवरण कडक होण्याचा धोकाही जास्त. म्हणून निव्वळ आठवडाभराच्या त्रासाकडे बघून निवड करू नये, असं माझं मत.

बधिरपणाचं गणित वेगळं. तो इम्प्लांटचा आकार आणि छेदाची जागा यांवर जास्त अवलंबून असतो. मुंग्या येणं, टोचणं ही बहुधा नस जागी होण्याची खूण. संवेदना परतायला काही महिने लागू शकतात. काहींची कायमचीही जाते. नागपूरच्या मे महिन्यात कितीही उकडलं तरी बधिर कातडीवर थेट बर्फ नको, इजा झालेली कळतच नाही. कूलरमध्ये पाणी भरायची बादली दोन्ही पर्यायांत काही आठवडे दुसऱ्यानं उचलायची, स्कूटी सर्जनला विचारूनच. एकच बाजू अचानक सुजली किंवा ताप आला, तर सर्जनला लगेच फोन करा.