रुखवतासाठी मागवलेला ग्रीक लग्नघडा : एका प्रतिकृतीचे परीक्षण

लातूरला पुतणीच्या रुखवतात मांडण्यासाठी अथेन्समधील एका कार्यशाळेकडून लुट्रोफोरोसची प्रतिकृती मागवली होती. प्राचीन अथेन्समध्ये लग्नाच्या न्हाणाचे पाणी कॅलिऱ्होई झऱ्यावरून ज्या उंच, लांब मानेच्या घड्यातून आणत, तो हा घडा.

प्रतिकृतीच्या चित्रकामाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. झऱ्यावरून परतणाऱ्या मिरवणुकीत पुढे पावा वाजवणारा मुलगा, मागे घडा धरलेली मुलगी आणि दिवट्या घेतलेल्या बायका आहेत. मुलीच्या वस्त्राच्या चुण्यांवरून नख फिरवले, तर काळी रेष किंचित उठून हाताला लागते. इ.स.पू. 530 ते 520 च्या सुमारास अथेन्सच्या कारागिरांनी आकृत्या मातीच्या तांबड्या रंगात सोडून भोवतीची जागा काळी करण्याची पद्धत सुरू केली. तिच्यातली ही उठावाची रेष छापील नकलेत येत नाही. झळाळी मात्र खटकते. मुळात हा काळा रंग म्हणजे अतिशय बारीक निथळून घेतलेली मातीच असे, आणि एकाच भाजणीत भट्टीची हवा आधी मोकळी, मग कोंडलेली व पुन्हा मोकळी ठेवली, की ती काळी चकाकती राही आणि बाकीचे भांडे तांबडे होई. इथे वरून वार्निश फासल्यामुळे काळे-तांबडे सारखेच चमकते आणि मातीचा कोरडेपणा पार हरवतो.

खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात ‘विवाहाची फुलदाणी’ एवढेच लिहिले आहे. लग्नाआधीच मरण पावलेल्यांच्या थडग्यावरही हाच घडा, कधी मातीचा तर कधी संगमरवरी, ठेवत असत आणि अशा काही घड्यांना तळच नसे, ही गोष्ट रुखवतासाठी घेणाऱ्याला आधी कळायला हवी. मी ती थोरल्या वहिनींना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्या लेकराला लग्नाचं न्हाण लाभलं नाही, त्याला मागाहून तरी दिलं की, त्यात अशुभ कसलं?” मला ते पटले, पण प्रत्येक घरात पटेलच असे नाही, म्हणून विकणाऱ्याने ते स्पष्ट लिहावे.

बांधणी भक्कम होती, घडा शाबूत पोहोचला. सीमाशुल्क वेगळे पडते, ते धरूनच हिशेब करावा. मागवताना घड्याला दोन कान आहेत की तीन, हे लेखी विचारून घ्यावे, कारण तीन कानांचा घडा नवरीचा आणि दोन कानांचा नवरदेवाचा, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि संकेतस्थळावरच्या छायाचित्रात मागचा कान दिसत नाही.