आठवणी लिहायच्या तर वही की मोबाईल?

कापसाची वेचणी संपली की माझ्या चुलत बहिणीला जरा उसंत मिळते. यंदा तिनं विचारलं, "दादा, आठोनी लिहाव म्हन्तो. वही घेऊ का मोबाईलातच लिहू?" मी तीन वर्षं वही वापरली, मधले आठ महिने फक्त मोबाईल. तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

स्वतःकडे वळून पाहायचं असेल तर माझं मत वहीला. कारण हाताचा वेग कमी असतो एवढंच नाही, तर वहीत समास असतो. मी एकदा लिहिलं होतं: दारव्हा-मोतीबाग स्टेशनावर बाबांचं बोट धरून उभा आहे, शकुंतला, आमच्याकडची छोटी रेल्वेगाडी, धूर ओकत येतेय, सदऱ्यावर कोळशाचे कण पडतायत. दोन महिन्यांनी वाचताना खटकलं. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला काढून डिझेलचं लावलं. तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांचा. म्हणजे ते बोट आजोबांचं आणि सदरा बाबांचा. लहानपणी ऐकलेली गोष्ट मीच अंगात घालून बसलो होतो! समासात "ही बाबांची" असं लिहिलं आणि त्याखाली दोन पानं वेगळंच निघालं. बाबांसोबतची अशी एखादी आठवण मला एवढी का हवी होती? ते कधी मला स्टेशनावर घेऊन गेले होते का? मोबाईलात हीच नोंद वर सरकून गेली असती. तिथे आपण चूक दिसली की खोडतो, आणि खोडलेलं पुन्हा दिसत नाही.

आठवण कोणाची, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं, ते चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून, विचारून. म्हणून वहीचं डावं पान कोरं ठेवावं. कोणी सांगितलं, नंतर काय कळलं, ते तिथे.

मोबाईल जिंकतो तो आवाजात. आजीला लिहिता येत नाही. तिच्या तोंडून पानगे-रोडग्यांची पंगत ऐकताना मध्येच गोठ्यात वासरू हंबरतं आणि ती "थांब बावा" म्हणून उठून जाते. हे कोणत्या वहीत मावणार? पण बोलून टाईप करायच्या भानगडीत पडू नका. माझ्या मोबाईलात "मले" म्हटलं की "मला" उमटायचं, आणि वाचताना आजी पुण्याची वाटायची. त्यापेक्षा सरळ रेकॉर्डिंग करा आणि फाईलला नाव, तारीख, विषय लगेच द्या. माझ्याकडे चाळीसेक रेकॉर्डिंग आहेत, पुन्हा ऐकली ती पाच. आवाज साठतो, पण त्यावर विचार होईलच असं नाही.

टिकण्याच्या बाबतीत दोघंही सारखेच बेभरवशाचे. माझा मोबाईल फवारणीच्या ड्रममध्ये पडला आणि दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. वहीला उधई लागते, कवेलू गळतात. वही पत्र्याच्या पेटीत आणि रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर, एवढं पुरे.

बायांसाठी खरा प्रश्न वेगळा असतो: वाचेल कोण? एकत्र घरात वही उशीखाली राहत नाही. मोबाईलला कुलूप लावता येतं, पण तो पोरांच्या हातात असतो आणि त्यांना कुलपाचा आकडा पाठ असतो. ज्यात सासरचं काही असेल त्यासाठी मोबाईलातलं वेगळं कुलूप असलेलं ॲप बरं, हे मी वहीवाला असूनही मान्य करतो.

रोज लिहायचं की अधूनमधून? रोजच्या डायरीत शेवटी पाऊस आणि मजुरीच उरते. आठवड्यातून दोनदा, एका बैठकीत एकच आठवण.

एक सावधगिरी. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या 1986 सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज 15 मिनिटं जुन्या आघातांबद्दल लिहिलं. ज्यांनी घटनेसोबत मनातलंही मांडलं, ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी गेले. पण लिहून उठल्यावर लगेच ते जास्त उदास होते. घरात कर्जापायी कोणी गेलं असेल तर ते पान एकट्यानं, रात्री उघडू नये. दिवसा लिहा, नंतर कोणाशी तरी बोला. छाती भरून येणं थांबलंच नाही तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, फोन मोफत आहे, मराठीतही बोलतात.

बहिणीनं दोनशे पानी लांब वही आणली. पहिल्या चार पानांवर पोरीनं गणितं सोडवून ठेवलीत, त्यातलं एक चुकलंय. आजीचं रेकॉर्डिंग मात्र त्याच पोरीच्या हाती दिलंय.